स्वखुशीने

आमच्या वर्गात इंग्रजी सगळ्यात झकास कोण वाचायचं ते कुणालाही विचारा. सुगंधा राऊळ. आणि इंग्रजीत नापास कोण झालं तेही विचारा. सुगंधा राऊळच. ह्याच्यावर हसायचं नाही हां. मी हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातले निम्मे आधी हसले, आणि माझं डोकं फिरलं.

मी वनमाला. वाकोल्याला आमची बैठी चाळ, सुगंधाची खोली सात नंबर, आमची नऊ. मधल्या आठमध्ये शांताबाई, ती एका हॉस्पिटलात आया होती. सुगंधाचे वडील दत्ताराम काका गिरणीत होते. संपानंतर गिरणी उघडली, पण ह्यांना काही आत घेतलं नाही. मग साकीनाक्याला एका वर्कशॉपात लोखंडी पट्ट्या कापायला लागले. पन्नाशीचा माणूस आणि वर ओरडायला पंचविशीतला सुपरवायझर. घरी आले की कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. पण सुगंधाचा विषय निघाला की चेहरा उजळायचा. "माझी बाय नर्स होतली," म्हणायचे. अख्ख्या चाळीला ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

हे नर्सचं खूळ शांताबाईने डोक्यात घातलेलं. दहावी एका फटक्यात पास हो, इंग्रजी-सायन्सला बरे मार्क आण, नर्सिंगचा फॉर्म मी माझ्या हाताने आणून देते, असं ती म्हणाली होती. सुगंधाने ते जे धरून ठेवलं ते ठेवलं. चाळीत कुणाचा गुडघा फुटला की ही कापूस आणि आयोडिन घेऊन हजर. माझ्या आजीच्या पायाला गळू झालं होतं, त्याची पट्टी पंधरा दिवस हिने बदलली. नाक मुरडलं नाही की घाई केली नाही. मला तर नुसतं बघून मळमळायचं.

आता शाळेचं सांगते. शाळा मराठी माध्यमाची, नाव नाही सांगत. आम्ही नववीत गेलो तेव्हा म्हणजे त्र्याऐंशी साली नवे हेडसर आले. बाजूला इंग्लिश मीडियमची शाळा निघालेली, तिकडे पोरं पळत होती आणि आमचे खालचे वर्ग रिकामे पडत होते. हेडसरांनी ठरवलं की आपलं इंग्रजी सुधारायचं आणि दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा. एवढं ठरवून त्यांनी ते काम धुरी सरांच्या गळ्यात टाकलं.

धुरी सर मूळचे इतिहासाचे. उन्हाळ्यात त्यांना तीन आठवड्यांच्या इंग्रजीच्या कोर्सला पाठवलं आणि जूनमध्ये ते इंग्रजीचे सर झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीवर एक मोठा तक्ता लावला. इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्द काढायचा नाही. प्रश्न विचारायचा तर तोही इंग्रजीत. जो मराठी बोलेल तो तास संपेपर्यंत दाराबाहेर. रोज एकाने उभं राहून न अडखळता धडा मोठ्याने वाचायचा. फळ्यावर जी उत्तरं दिली जातील ती आणि तीच पाठ करायची. खाली हेडसरांची सही आणि शाळेचा शिक्का.

आता मला सांगा, ज्याला इंग्रजी येत नाही त्याने, मला येत नाही हो, हे इंग्रजीत कसं सांगायचं? पण हे विचारणार कोण? विचारायचं तर तेही इंग्रजीत.

सुगंधाने विचारलं. धड्यात 'ऑर्चर्ड' असा शब्द आला होता. ही उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "सर, ऑर्चर्ड म्हणजे काय?" सरांनी दाराकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच विचारलं, पुन्हा बाहेर. तिसऱ्या दिवशीही. मी मधल्या सुट्टीत म्हटलं, "काय गं येडे, सोड ना तो शब्द!" तर म्हणते, "अगं पण त्या धड्यातला माणूस जातो कुठे तेच कळत नाही मला." चौथ्या दिवशी ती उभी राहिली नाही. त्यानंतर वर्षभर तिने एकही अर्थ विचारला नाही.

वाचन मात्र तिने असं धरलं की काय सांगू. शांताबाईकडे रेडिओ होता, त्यावर इंग्रजी बातम्या लागायच्या. ही कान लावून बसायची आणि आवाज कुठे चढतो, कुठे थांबतो ते टिपायची. मग वर्गात धडा वाचायला उभी राहिली की आम्ही बघतच राहायचो. ताठ मान, पुस्तक छातीशी, आणि शब्द कसे एकामागून एक सुटे, स्वच्छ. एक दिवस इन्स्पेक्शनला साहेब आले. धुरी सरांनी सुगंधालाच उठवलं. साहेबांनी मान डोलावली, एक्सलंट म्हणाले आणि चहाला गेले. हेडसर इतके खूश की त्यांनी धुरी सरांच्या पाठीवर थाप मारली. तिने काय वाचलं ते तिला विचारावं असं त्या तिघांपैकी एकालाही वाटलं नाही.

चाळीतही तिचं नाव झालं. औषधाची बाटली आली, कुणाचं लाइटबिल आलं, की 'सुगंधाला बोलवा'. ती नाव आणि आकडा वाचून द्यायची, लोकांचं काम भागायचं. दत्ताराम काकांना तिने इंग्रजीत सही शिकवली. जुन्या कॅलेंडरच्या पाठी ते रोज गिरवायचे, डी. एस. राऊळ, डी. एस. राऊळ. कारखान्यात पगाराच्या रजिस्टरवर पहिल्यांदा ती सही केली त्या दिवशी चाळीत सगळ्यांना पेढा दिला.

वार्षिक परीक्षेत इंग्रजीच्या पेपरात न शिकवलेला उतारा असतो आणि खाली त्याचे प्रश्न. ते सोडवायची आमची एक युक्ती होती. प्रश्नातला एखादा लांबलचक शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तो जिथे सापडेल ती ओळ जशीच्या तशी उतरवायची. अर्ध्याहून जास्त वेळा बरोबर यायचं. सगळा वर्ग हेच करायचा. मी सुगंधाला सांगितलं होतं. ती म्हणाली, "अर्थ कळल्याशिवाय काय लिहू? उद्या बाटलीवरचं न कळता कुणाला पाजलं तर?" मी म्हटलं, "बये, हा पेपर आहे, पेशंट नाही." पण ऐकेल तर शपथ. तिने तो सगळा प्रश्न कोरा सोडला.

मला अडतीस मिळाले, तिला सत्तावीस. बाकीच्या सगळ्या विषयांत ती माझ्या पुढे होती.

प्रगतिपुस्तक मिळालं त्यात तिच्या निकालाच्या जागी शिक्का नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'सोबतचे पत्र पाहावे.' आणि टाचणीने लावलेला एक टाइप केलेला कागद, इंग्रजीत. धुरी सर म्हणाले की पालकांची सही घेऊन सोमवारी आणा. तेही इंग्रजीतच म्हणाले. असा कागद वर्गातल्या अकरा जणांना होता. सुगंधाला वाटलं की नापासांना बसवून ठेवतात, कागद देत नाहीत, म्हणजे आपल्याला वर घेतलं. मलाही तसंच वाटलं. खरंच वाटलं.

रविवारची सकाळ होती. समोरच्या खोलीतले धाकू काका ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होते. सुगंधाची आई, जानकी काकू, सुपात कुळीथ निवडत होती. दत्ताराम काकांनी आंघोळ केली, सही करायची म्हणून धुतलेला शर्ट घातला आणि खुर्ची बाहेर काढून बसले. म्हणाले, "वाच गो बाय, मोठ्यान वाच. सगळ्यांका ऐकू दे."

तिने वाचलं. वर्गात उभी राहायची तशी पायरीवर ताठ उभी राहून. "आय, द अंडरसाइन्ड, ऑफ माय ओन फ्री विल..." अशी सुरुवात होती. धाकू काकांचा वस्तरा गालावर थांबला. शांताबाई कणकेचे हात घेऊन दारात आली. कुठे अडखळणं नाही, कुठे घाई नाही. ती संपली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यात जोरात.

काकांनी विचारलं, "काय म्हणता कागद?"

सुगंधाने कागदावरून पुन्हा एकदा नजर फिरवली. अख्खी चाळ तिच्या तोंडाकडे बघत होती. ज्या पोरीने आत्ता एवढं फाडफाड वाचलं तिने, मला माहीत नाही, असं कसं म्हणायचं? ती म्हणाली, "दहावीत घेतायत, असं आहे. खाली तुमची सही पाहिजे." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वने, बरोबर ना?"

मी म्हटलं, "बरोबर."

काकांनी कागद मांडीवर पाट ठेवून त्यावर घेतला आणि सावकाश सही केली. डी. एस. राऊळ. खाली एक रेघ पण मारली. जानकी काकूने गूळ-खोबरं वाटलं.

जूनमध्ये शाळा उघडली. दहावी अ मध्ये बाईंनी हजेरी घेतली, राऊळ हे नाव आलंच नाही. सुगंधा हात वर करून उभी. बाई म्हणाल्या, "तुझा दाखला ऑफिसात तयार आहे, घेऊन जा." तिला वाटलं कुणाची तरी चूक झाली असेल. ती घरी गेली आणि काकांना घेऊन आली. कामावर खाडा करून आले बिचारे, तोच धुतलेला शर्ट घालून. मला वर्गातून बोलावून घेतलं, कारण काका म्हणाले की वाचताना ही पण तिथे होती.

हेडसरांनी फाइलमधून कागद काढला. "राऊळ, ही सही तुमचीच ना?"

"माझीच. इंग्लिशमदे. बायनच शिकवल्यान," काका म्हणाले. अजूनही त्यांच्या आवाजात कौतुक होतं हो!

"मग तक्रार कसली? तुम्हीच लिहून दिलंय. धुरी, ह्यांना वाचून दाखवा."

आणि धुरी सरांनी कागद हातात घेऊन मराठीत अर्थ सांगितला. वर्षभर ज्या माणसाच्या तोंडून तासाला एक मराठी शब्द आम्ही ऐकला नव्हता, त्याने. "मी, खाली सही करणारा, माझ्या स्वखुशीने माझ्या मुलीचं नाव शाळेतून काढून घेत आहे. तिने दहावीला बाहेरून बसावं अशी माझी इच्छा आहे. शाळेबद्दल माझी काही तक्रार नाही."

म्हणजे निकाल बिघडवतील अशी अकरा मुलं शाळेने काढली, आणि कागदावर ती अकराच्या अकरा आपणहून गेली. हा कागद धुरी सरांनीच टाइप केला होता. वाचता वाचता मधेच त्यांची भाषा घसरली. "दत्तारामानू, माका सांगितला तसा मी लिवलंय," ते हळूच म्हणाले. तेव्हा कळलं की हा माणूस पण आमच्याच तिकडचा, मालवणीच.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. "तुमी आमच्यातलेच? मगे तेवाच कित्याक नाय सांगितलात?"

हेडसर म्हणाले, "न वाचता सही करायची आणि मग इथे येऊन भांडायचं, असं चालत नाही."

"वाचला ना!" काका म्हणाले. "बायन वाचल्यान. अख्ख्या चाळीसमोर वाचल्यान. एक चूक नाय झाली, सायबानू. विचारा ह्या चेडवाक."

हेडसर माझ्याकडे वळले. मी दारापाशी उभी. त्यांच्या टेबलावर नव्या दहावीची यादी पडली होती, त्यात माझं नाव मला उलट्या बाजूनेही दिसत होतं. त्यांनी विचारलं, "तू होतीस ना तिथे? तुला कळलं होतं ना कागदात काय लिहिलंय ते?"

नाही म्हटलं असतं तर? अडतीस मार्कांची पोरगी, हेडसरांसमोर म्हणते की मला इंग्रजी कळत नाही. बारावा कागद माझ्यासाठी टाइप व्हायला किती वेळ लागला असता? मी पंधरा वर्षांची होते, घाबरले होते, आणि ह्यातलं काहीही मला माफ करायला पुरेसं नाही हे मला माहीत आहे.

"हो सर," मी म्हटलं. "कळलं होतं."

"बघा," हेडसर काकांना म्हणाले. "हिच्या वर्गातल्या मुलीला कळलं. तुमच्या मुलीलाही कळलंच असणार. तुम्हाला सांगितलं नसेल तर तो तुमच्या घरचा प्रश्न."

सुगंधाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. धड्यातला माणूस कुठे जातो ते कळलं नव्हतं तेव्हा जशी बघायची तशी. काका तिला म्हणाले, "चल बाय." दाखला त्यांनी चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला.

त्यानंतर आमचं बोलणं असं झालंच नाही. समोर आली की मीच आत जायची. ती एकदा दहावीला बाहेरून बसली. वर्ग नाही, सर नाहीत, दिवसा काकांबरोबर साकीनाक्याला जाऊन तिथल्या एका कारखान्यात प्लॅस्टिकचे कंगवे पॅक करायचे आणि आल्यावर अभ्यास. बाकीचं सगळं सुटलं, इंग्रजी राहिलं. पुन्हा बसली नाही. शांताबाईने फॉर्म आणून ठेवला होता, तो तिच्याकडेच पिवळा पडला. कुणाला लागलं तरी सुगंधा आता कापूस घेऊन धावायची नाही. जानकी काकू पेपरातली बातमी वाच म्हणाली तरी, डोळे दुखतात, म्हणायची. मराठी पेपर हो! शाळेचा मात्र त्या वर्षी निकाल शंभर टक्के लागला. फाटकावरच्या फळ्यावर रंगीत खडूंनी लिहिलं होतं, आणि माझं नाव पास झालेल्यांत होतं.

मग मी कॉमर्स केलं, टायपिंग केलं, अंधेरीला एका कंपनीत टायपिस्ट लागले. दिवसभर इंग्रजी पत्रं टाइप करते. समोर जे असेल ते बघायचं आणि बोटं चालवायची. माझं काम चोख आहे असं साहेब म्हणतो. गेल्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशीत, एका जुन्या कामगाराचा राजीनामा टाइप करायला आला. पहिलीच ओळ. आय, द अंडरसाइन्ड, ऑफ माय ओन फ्री विल. माझी बोटं तिथेच थांबली. मला पायरीवरची सुगंधा ऐकू यायला लागली. त्या माणसाला बाहेर स्टुलावर बसवलं होतं, सही करायला. मी पत्र पूर्ण टाइप केलं आणि आत पाठवलं. काय करणार होते मी?

दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकली आणि साकीनाक्याला गेले. जेवणाची सुट्टी होती. कारखान्याच्या फाटकाशी एका ड्रमवर बसून ती डबा खात होती. बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या. मला बघून हसली, सरकून जागा दिली. म्हणाली, "काय गं वने, जाडी झालीस."

मी म्हटलं, "सुगंधा, मला त्या कागदाबद्दल बोलायचंय."

"त्या कागदाबद्दल?" ती म्हणाली. डबा बाजूला ठेवला, हात पुसले आणि बसल्या बसल्या म्हणायला लागली. सगळा कागद, पहिल्या शब्दापासून तारखेपर्यंत, पाठ. आवाज तोच, तसाच स्वच्छ. मग एकेक ओळ मराठीत. वाचायच्या सरावासाठी तिने तो कागद तेव्हाच वहीत उतरवला होता, आणि मग धाकू काकांच्या जावयाकडून डिक्शनरी आणून एकेका शब्दाचा अर्थ काढला होता. "तेवढं एकच इंग्रजी मला पूर्ण कळतं बघ," ती म्हणाली. "ऑर्चर्डपण शोधला. फळबाग. साधी फळबाग होती गं."

मला रडू फुटलं. ती शांत होती. म्हणाली, "एकच विचारायचं होतं तुला कधीपासून. तुला तर तेव्हाच कळलं होतं. मी वळून विचारलं, बरोबर ना, तर तू बरोबर का म्हणालीस? काय वाईट केलं होतं मी तुझं?"

चार वर्षं ती हे धरून बसली होती. मला माहीत असून मी तिला बुडवलं, असं. मी तिचा हात धरला. "नाही गं, शपथ! मला काहीच कळलं नव्हतं. मला सुद्धा ओ की ठो कळलं नव्हतं. मी हेडसरांना खोटं सांगितलं, घाबरून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खरं बोलते की नाही ते तपासत होती बहुतेक. मग म्हणाली, "तुला पण कळत नव्हतं?"

"नाही."

"काहीच?"

"काहीच नाही गं."

"मग तू पास कशी झालीस?"

खवचटपणे नाही, अगदी खरंच विचारलं तिने, आणि उत्तरासाठी थांबली. एवढ्यात आतून घंटा झाली. तिने डब्याचं झाकण लावलं, ड्रमवरून उतरली आणि कामावर गेली.